बनावट पुरावा आणि तपासणारा माणूस



आजच्या विषयाची लांबी जेमतेम पाऊण तास आहे. एप्रिल १९९८मध्ये ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या हंगामातला एकोणिसावा भाग प्रक्षेपित झाला. त्याचे नाव ‘इन द पेल मूनलाइट’. कथा पीटर ॲलन फील्ड्स यांची, पटकथेवर नाव मायकेल टेलर यांचे, आणि श्रेयनामावलीत उल्लेख नसला तरी पुनर्लेखनाचा मोठा भार रॉनल्ड मूर यांनी उचललेला. ‘स्टार ट्रेक’चे जग जीन रॉडनबेरी यांनी १९६६मध्ये उभे केले ते मोठ्या आशेवर: पुढच्या शतकांतली माणसे भूक, हाव आणि वंशद्वेष मागे टाकतील आणि त्यांचे संघराज्य तत्त्वाने चालेल. रॉडनबेरी १९९१मध्ये वारले. १९९३मध्ये सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’ने त्यांची ती आशा युद्धाच्या तावात धरून पाहिली. या भागात त्याच आदर्श संघराज्याचा एक कॅप्टन तटस्थ राष्ट्राला युद्धात ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करतो, आणि त्यासाठी माणसे मारली जातात. गेली पंचवीसहून अधिक वर्षे या भागाची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे: त्याने केले ते बरोबर की चूक? माझ्या मते हा प्रश्न म्हणजे लेखकांनी आपल्यापुढे टाकलेले आमिष आहे. आपण साध्य-साधनाच्या जुन्या वादात रमतो आणि समोर काय घडते आहे ते पाहायचे राहून जाते. कारस्थान शत्रूविरुद्ध रचले जाते अशी आपली समजूत असते. या पाऊण तासात शत्रूच्या केसालाही धक्का लागत नाही. मारला जातो तो पुरावा नीट तपासणारा माणूस. राजकीय कारस्थानाची ही खरी दिशा आहे, आणि ती दाखवण्यात या भागाचे मोठेपण आहे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाकडून आलेले डोमिनियन हे साम्राज्य आणि त्याला जाऊन मिळालेले कार्डेशियन यांच्याशी संघराज्याचे युद्ध चालू आहे आणि संघराज्य हरत चालले आहे. डीप स्पेस नाइन या अंतराळस्थानकाचा प्रमुख बेंजामिन सिस्को दर शुक्रवारी मृतांची आणि बेपत्तांची यादी लावतो; त्या यादीत वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी परिचित दर आठवड्याला निघतो. रोम्युलन हे तिसरे मोठे सत्ताकेंद्र. त्यांचा डोमिनियनशी अनाक्रमणाचा करार आहे, आणि डोमिनियनची जहाजे त्यांच्या हद्दीतून येऊन संघराज्यावर हल्ले करतात तेव्हा ते डोळ्यांवर कातडे ओढून घेतात. सिस्को आपल्या सहकारी डॅक्सला रोम्युलनांची बाजू मांडायला सांगतो. ती त्याला कोंडीत पकडते. तुम्ही हरत आहात, आम्ही सुखरूप आहोत, मग तुमच्या युद्धात आम्ही का पडावे? डोमिनियन उद्या आमच्यावर उलटणार असे म्हणता, तर पुरावा दाखवा. सगळ्या प्रकरणाचा उगम इथे आहे, आणि तो उगम स्वच्छ आहे हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुराव्याची मागणी रास्त आहे, आणि सिस्कोही आधी खरा पुरावाच शोधू पाहतो. स्थानकावर शिंप्याचे दुकान चालवणारा गारक हा एकेकाळचा कार्डेशियन हेर. तो मायदेशातल्या आपल्या जुन्या माणसांशी संपर्क साधतो. त्याच्याशी बोललेले सगळे दिवसभरात मारले जातात. मग गारक सुचवतो की जो पुरावा मिळत नाही तो बनवावा.

इथून पुढे लेखकांनी जे केले ते फार बारकाईचे आहे. थरारकथेत असते तसे मध्यरात्रीचे गुप्त बैठकसत्र वगैरे काही नाही. परवानग्यांची एक रांग आहे. पुरावा म्हणून बनवायचे खोटे ध्वनिचित्रण माहिती साठवणाऱ्या खऱ्या कार्डेशियन दांडीवरच नोंदवायला हवे. ती दांडी विकणाऱ्याला पैसे नकोत, जैविक शस्त्रांसाठी वापरता येईल असे एक घातक द्रव्य हवे. तो दोनशे लिटर मागतो, घासाघीस होऊन पंच्याऐंशीवर येतो. स्थानकाचे डॉक्टर बशीर ते द्यायला नकार देतात. आदेशच असेल तर लेखी द्या, मी अधिकृत निषेध नोंदवणार, असे बजावतात. आदेश लेखी मिळतो आणि द्रव्य जाते. बनावट चित्रण करण्यात वाकबगार असा टोलर हा गुन्हेगार क्लिंगॉन या आणखी एका सत्तेच्या तुरुंगात मरणाची वाट पाहतो आहे. सिस्को त्याला माफी मिळवून देतो. टोलर दारू पिऊन क्वार्क या गुत्तेवाल्याला भोसकतो. तक्रार करू नये म्हणून क्वार्कला लाच दिली जाते, आणि क्वार्कला जखमेपेक्षा आनंद जास्त होतो, कारण आपला सरळमार्गी कॅप्टनही इतरांसारखाच निघाला. वरिष्ठांकडून योजनेला संमती येते. ज्या ज्या ठिकाणी कुणीतरी ‘थांबा, हे बघू द्या’ म्हणू शकला असता, ते प्रत्येक ठिकाण असे एकेक करून निकामी होते. कुणाला हुकूम दिला जातो, कुणाला पैसा, कुणाला सवलत. यातली एकही तडजोड स्वतंत्रपणे भयंकर नाही. पंच्याऐंशी लिटरच्या घासाघिशीत माणूस गुंतला की मूळ व्यवहार कसला आहे हे त्याच्या नजरेआड होते, आणि कोणत्याही मोठ्या कार्यालयात काम केलेल्या श्रोत्याला हे नव्याने सांगायला नको.

शेवटचा अडथळा असतो व्रीनॅक. हा रोम्युलन सिनेटर, गुप्तहेर खात्यातला बडा अधिकारी, आणि डोमिनियनशी झालेल्या करारामागचा माणूस. संघराज्याविषयी त्याला तुच्छता आहे. त्याच्यापुढे ती दांडी ठेवली जाते. डोमिनियनचा प्रतिनिधी वेयून आणि कार्डेशियन नेता डमार रोम्युलनांवरच्या हल्ल्याचा बेत करत आहेत असे बनावट दृश्य त्यात आहे. व्रीनॅक ते पाहतो, दांडी तपासायला मागतो, तासन्‌तास तपासतो आणि बाहेर येऊन संतापाने सांगतो की हे खोटे आहे. अभिनेता स्टीफन मॅकहॅटी यांचा तो क्षण इतका गाजला की आज विनोदी चित्रतुकडा म्हणून तो फिरतो. या हशाखाली एक साधी गोष्ट झाकली जाते. सबंध भागात आपले काम चोख केलेला हा एकटा माणूस आहे. त्याने समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि स्वतःच्या पूर्वग्रहावरही निर्णय सोपवला नाही. वस्तू हातात घेतली, तपासली, निष्कर्ष काढला, आणि निष्कर्ष बरोबर होता. परतीच्या वाटेवर त्याच्या यानाचा स्फोट होतो. बॉम्ब गारकने ठेवलेला असतो. टोलरही मारला जातो. रोम्युलनांना अवशेषांत दांडी सापडते, तिच्यातल्या त्रुटी स्फोटामुळे आल्या असे त्यांना वाटते, आणि ते डोमिनियनविरुद्ध युद्ध पुकारतात. तपासणारा जिवंत असेतोवर पुरावा खोटा होता. तपासणारा मेल्यावर तोच पुरावा खरा ठरला, आणि त्याचा मृत्यूच त्या खरेपणाचा दाखला झाला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदार आहे. शत्रू खराच क्रूर होता, पराभव समोर दिसत होता, असंख्य जीव वाचले. मग एका उद्दाम सिनेटरचे आणि एका गुन्हेगाराचे काय एवढे? गारक स्वतः हाच हिशेब मांडतो: एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान एवढ्या किमतीत आकाशगंगेचा अख्खा चतुर्थांश वाचला, म्हणजे सौदा स्वस्त. गारकची भूमिका करणारे अँड्र्यू रॉबिन्सन यांनी हा संवाद इतक्या गोडव्याने म्हटला आहे की ऐकणाऱ्याची मान आपसूक हलते. पण ही बेरीज चुकीची आहे. तिच्यात रोम्युलन सैनिक नाहीत. खोट्या पुराव्यावर त्यांच्या राष्ट्राने युद्धात उडी घेतली; पुढे मेले ते त्यांचे लोक, आणि कशासाठी मेलो हे त्यांना कधी कळले नाही. सिस्कोच्या शुक्रवारच्या यादीत त्यांना जागा नव्हती. दुसरी बाब आणखी महत्त्वाची आहे. डोमिनियन रोम्युलनांवर उलटणार, हे सिस्कोला ठाऊक नव्हते. तो अंदाज होता, तर्काला पटणारा होता, पण अंदाजच. प्रेक्षकांनाही त्या बेताचा एकही खरा पुरावा लेखकांनी दाखवलेला नाही. कृत्य ज्या गोष्टीमुळे समर्थनीय ठरेल तीच गोष्ट कथेत सिद्ध नाही, आणि तरीही आपण ती धरून चालतो, कारण आपण एका बाजूचे आहोत. टोलरने जे रोम्युलनांसाठी तयार केले ते आपण आपल्यासाठी मनातल्या मनात तयार करून ठेवलेले असते.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या अंगाने येतो. राज्ये अशीच चालत आली आहेत, असे म्हणणारे लगेच झिमरमान तारेचा दाखला देतात. जानेवारी १९१७मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान याने मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीचा प्रस्ताव पाठवला. ब्रिटिश नौदलाच्या ‘रूम ४०’ने ती सांकेतिक तार फोडली आणि योग्य वेळी अमेरिकेच्या हाती दिली. १ मार्चला ती वृत्तपत्रांत झळकली, ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. ब्रिटिशांची लबाडी यात भरपूर होती. तार आपल्याला कुठून मिळाली हे लपवण्यासाठी त्यांनी नाना खटपटी केल्या. परंतु तार खरी होती. अमेरिकेने आपल्या तारकंपनीतली सांकेतिक प्रत मिळवून ती लंडनच्या वकिलातीत उलगडून पाहिली, आणि ३ मार्चला खुद्द झिमरमानने ती आपलीच असल्याचे कबूल केले. लबाडी वाहतुकीत होती, मालात नव्हती; तपासणीची वाट उघडी राहिली. सिस्कोच्या कृत्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर ते २७ ऑक्टोबर १९४१चे आहे. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी भाषणात सांगितले की हिटलरच्या सरकारने तयार केलेला एक गुप्त नकाशा माझ्यापाशी आहे, त्यात दक्षिण अमेरिकेचे पाच मांडलिक प्रदेश पाडलेले आहेत. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी नकाशा पाहायला मागितला. तो कुठून आला हे उघड होईल म्हणून रूझवेल्ट यांनी दाखवायला नकार दिला. तो नकाशा अमेरिकेला युद्धात ओढण्यासाठी न्यूयॉर्कमधल्या ब्रिटिश गुप्तहेर कचेरीने बनवलेला असावा, असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. रूझवेल्ट यांना ते ठाऊक होते असे समजण्याचे कारण नाही; ते व्रीनॅकच्या खुर्चीत होते, पण तपासण्याची घाई त्यांना नव्हती. गंमत अशी की त्या नकाशावाचून काही अडलेही नसते. ७ डिसेंबरला पर्ल हार्बर झाले, ११ डिसेंबरला जर्मनीने स्वतःच अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. खोटा पुरावा अपरिहार्य होता असे म्हणणाऱ्यांनी हे दीड महिन्याचे अंतर मनात ठेवावे.

कुणी म्हणेल, हे सगळे मान्य, पण मालिकेने अतिशयोक्ती केली. प्रत्यक्षात पुरावा तपासणाऱ्याच्या यानात कुणी बॉम्ब ठेवत नाही. खरे आहे. प्रत्यक्षात त्याची गरजच पडत नाही. ऑगस्ट १९६४मध्ये टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने दुसऱ्यांदा हल्ला केल्याचे वॉशिंग्टनला कळवले गेले. त्या रात्री तिथे हजर असलेल्या कॅप्टन हेरिक यांनी काही तासांतच संदेश पाठवला होता की विचित्र हवामान आणि अतिउत्साही सोनारचालक यांमुळे गैरसमज झालेला असू शकतो, पुढे काही करण्याआधी पूर्ण छाननी करावी. ७ ऑगस्टला युद्धाची वाट मोकळी करणारा ठराव अमेरिकी काँग्रेसमध्ये संमत झाला: प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. याहून बोलके उदाहरण ७ मार्च २००३चे आहे, म्हणजे हा भाग प्रक्षेपित झाल्यानंतर पाच वर्षांनी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितले की इराकने नायजरकडून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याची जी कागदपत्रे पुढे केली जातात ती अस्सल नाहीत. तपासणाऱ्यांना फार कष्ट पडले नव्हते. एका पत्रावर तर कितीतरी वर्षांपूर्वी पद सोडलेल्या मंत्र्याची सही होती. व्रीनॅकचे वाक्य इथे साऱ्या जगासमोर, अधिकृत मंचावरून, थंड आवाजात उच्चारले गेले. दोन आठवड्यांच्या आत बगदादवर बॉम्ब पडू लागले. मालिकेच्या लेखकांना तपासणारा मारावा लागला, कारण ‘हे खोटे आहे’ हे शब्द बाहेर पडले तर योजना कोसळेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. त्या अर्थाने १९९८ची ही काळोखी कथा वास्तवापेक्षा आशावादी निघाली. रॉडनबेरींचा वारसा इतक्या आडवळणाने टिकला म्हणायचा.

आपल्याकडचा श्रोता आणखी एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्य हेच करतो. प्रतिपक्षाचा अमात्य राक्षस याच्या अंगठीची मुद्रा मिळवतो, शकटदासाच्या हातून पत्र लिहवून घेतो, त्यावर ती मुद्रा उमटवतो, आणि मलयकेतूला त्याच्याच हितचिंतकाविरुद्ध, म्हणजे राक्षसाविरुद्ध, उभा करतो. या नाटकाला आपण कधी नैतिक अधःपाताची कथा म्हटलेले नाही. बुद्धिवैभवाचे नाटक म्हणूनच ते नावाजले. मग सिस्कोलाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करायचे? माझे उत्तर असे की दोन्ही कथांतला फरक पत्राच्या खोटेपणात नाही, शेवटच्या अंकात आहे. चाणक्य अखेरीस राक्षसासमोर उभा राहतो आणि सांगतो की पत्र, अलंकार, ती माणसे, सगळे माझेच. जो फसवला गेला त्याला फसवणुकीचा पूर्ण तपशील मिळतो, आणि तो मिळाल्यावरच तो चंद्रगुप्ताचे अमात्यपद स्वीकारतो. मित्राचा जीव टांगणीला लावून त्याला तिथवर आणलेले असते, तेव्हा ही निवड फार मोकळी होती असे मी म्हणणार नाही. तरी तो जाणतेपणाने निवडतो. चाणक्याला राक्षसाची पारख हवी होती, म्हणून राक्षस जगायला हवा होता. सिस्कोला रोम्युलनांचे सैन्य हवे होते. त्यांची पारख हीच त्याची अडचण होती. मालिकेचा सातवा हंगाम संपेपर्यंत रोम्युलन मित्रराष्ट्र म्हणून लढतात आणि त्यांना कुणी काही सांगत नाही.

उरला एक आक्षेप, आणि तो मला सर्वांत नाजूक वाटतो: सिस्को निदान कबुली तरी देतो. संपूर्ण भाग त्याच्या खासगी नोंदवहीच्या रूपात आहे. सिस्कोच्या भूमिकेतले ॲव्हरी ब्रूक्स थेट कॅमेऱ्यात पाहून बोलतात, मधे पेला भरतात, अंगावरचा गणवेशाचा कोट उतरवतात. हे आत्मपरीक्षण आहे, म्हणून हा माणूस गारकपेक्षा वेगळा आहे, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. कबुली कुणापुढे तरी द्यावी लागते. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता आला पाहिजे आणि त्याचा निवाडा सोसायची तयारी हवी. सिस्कोने निवडलेला श्रोता यंत्र आहे. त्या यंत्राच्या जागी आपल्याला बसवलेले आहे, आणि आपणही उलट प्रश्न विचारू शकत नाही. शेवटी तो हे सगळे आपल्याला पचवता येईल असे स्वतःला बजावतो आणि नोंद पुसून टाकायला सांगतो. अख्ख्या कथेत दोन ध्वनिचित्रणे आहेत. खोटे होते ते शत्रूराष्ट्राविरुद्धचा पुरावा म्हणून इतिहासात जमा झाले. खरे होते ते ज्याने केले त्यानेच नष्ट केले. हाच सिस्को दोन वर्षांपूर्वी, जानेवारी १९९६मधल्या ‘होमफ्रंट’ आणि ‘पॅरडाइज लॉस्ट’ या जोडभागांत, नेमका उलट्या बाजूला होता. तिथे ॲडमिरल लेटन पृथ्वीची वीजयंत्रणा आपल्याच कॅडेटांकडून बंद पाडतो, शत्रूने हल्ला केल्याची भीती पसरवतो आणि लष्करी अंमल आणू पाहतो. त्याचाही हेतू पृथ्वी वाचवण्याचा होता, त्याचाही शत्रू खरा होता. सिस्को त्याला पकडतो ते शौर्यामुळे नव्हे. त्या अंधाराच्या रात्री कॅडेटांच्या एका तुकडीची ये-जा झाल्याची नोंद दप्तरात राहून गेलेली असते, म्हणून. नोंदीची ताकद त्याच्याइतकी कुणाला माहीत होती? ‘पुसून टाक’ हा आदेश पश्चात्तापातून आला असे मानणाऱ्यांनी हे दोन भाग लागोपाठ पाहावेत.

आणि तरीही तो आदेश पुरा पडत नाही. पुसली गेली ती फक्त त्याची खासगी नोंद. बशीरने मागून घेतलेला लेखी हुकूम आणि त्याचा अधिकृत निषेध वैद्यकीय मुख्यालयाकडे असणार. भांडारातून पंच्याऐंशी लिटर घातक द्रव्य कमी झाल्याचे कुठल्यातरी वहीत लिहिलेले असणार. टोलरची फाशी कुणाच्या शब्दावर टळली हे क्लिंगॉन दरबारात माहीत आहे; वरिष्ठांनी योजनेला दिलेली संमती त्यांच्या दप्तरात आहे; आणि क्वार्कला आपली लाच आठवत नसेल असे त्याला ओळखणारा कुणी म्हणणार नाही. एखाद्या चिकाटीच्या रोम्युलन कारकुनाला हे पाच धागे जुळवायला फार वेळ लागला नसता. मालिका आणखी एक हंगाम चालली, पण त्या कारकुनाची गोष्ट तिच्या लेखकांनी लिहिली नाही.